सिस्टरनी जेवायला बोलावलं नाही

४ मार्च, सोमवार. सॉल्टपाँड.
दोन पिशव्या भरून आराबा बहिणीकडे गेली. लग्नाला बावीस वर्षं. म्हणाली, "मास्टर, मनाच्या दवाखान्यात चार गुरुवार बसून दाखवा. मध्येच सोडायचं नाही. मग येते." मी म्हणालो, जा, कायमची जा. ती फाटकाशी पोहोचल्यावर म्हणालो, जाऊ नकोस. दोन्ही शांतपणे. मग प्रार्थना केली, देवा, तिला सुबुद्धी दे.

७ मार्च. पहिला गुरुवार.
सिस्टर एसिल्फी म्हणजे देवदूत. आयुष्यात कोणी इतकं समजून घेतलं नव्हतं. आजाराचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. आपली माणसं टाकून जातील ही सतत धास्ती, घडीत माया, घडीत संताप. आराबाला तंतोतंत लागू. तसं सांगितलं. सिस्टरनी फाइलवर माझंच नाव घातलं. घाईत होतं असं.
राग आला की थंड पाण्यात तोंड बुडवून तीस मोजायचे. रोज रागाला शून्य ते पाच गुण देऊन कार्ड भरायचं.

८ मार्च.
महिन्याचं कार्ड आजच भरलं. सगळीकडे शून्य. रोजचे कष्ट वाचले.

१० मार्च, रविवार.
चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख ओटूकाका. त्यांनी मला मागच्या रांगेत उभं केलं. गायकवृंद सोडला, झगा परत पाठवला. यंदाची तिसरी वेळ. सगळ्यांचे झगे मीच शिवलेत. राग नाही, तत्त्वाचा प्रश्न. काकांचा निरोप आला, "झगा टांगलाय, खुंटी तुमचीच आहे मास्टर. दुसरं कोणी वापरतच नाही."

१४ मार्च. दुसरा गुरुवार.
सिस्टरनी विचारलं, "एकतीस तारखेचा राग आजच कसा कळला?" म्हणालो, श्रद्धा. हसल्या. नवं कार्ड दिलं. अजूनही देवदूत.

२१ मार्च, दुपारी १२.४०.
लवकर पोहोचलो. सिस्टर मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा खात होत्या. माझ्याकडे पाहिलं. "या जेवायला" म्हणाल्या नाहीत! आपल्याकडे वैऱ्यालाही म्हणतात. तो नको म्हणतो, विषय संपतो. बावीस वर्षांत आराबाही असं वागली नाही. बाई दगड आहे. उपचार कायमचे बंद.
१.०५. अंगणातल्या नळाखाली तोंड धरलं. तीस मोजले. उकडत होतं म्हणून.
१.१०. जाब विचारायला आत गेलो. सिस्टर म्हणाल्या, "अहो मास्टर, घशात काटा अडकला होता. बोलणार कशी?" टेबलावर पाण्याचे तीन रिकामे ग्लास.
आजचा राग शून्य. खोडलं. पाच.

२८ मार्च. चौथा गुरुवार.
पूर्ण! प्रमाणपत्र मागितलं. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही टिकता का, एवढंच बघत होते. खरे उपचार पुढच्या गुरुवारपासून. एक वर्ष." तिथल्याच बेसिनमध्ये तोंड घातलं.

३१ मार्च, ईस्टर.
खुंटीवरचा झगा घातला. मागच्या रांगेत गायलो. आवाज तिथूनही पोहोचतो.
दुपारी बांकूचा मऊ गोळा आणि भेंडीचं कालवण खात होतो. फाटक वाजलं. आराबा. ती आली की निदान दहा मिनिटं बोलायचं नाही, असं चार आठवड्यांपासून ठरलेलं होतं. भरल्या तोंडानेच ओरडलो, "ये, जेवायला ये!" भेंडी सदऱ्यावर. ती म्हणाली, "आधी गिळा, मास्टर." हात धुऊन समोर बसली.
पिशवी एकच आणली आहे. दुसरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पक्का निश्चय.
५.३०. चार वेळा विचारलं. म्हणाली, "ती पुढच्या गुरुवारनंतर बघू."
कार्डात धास्ती पाच लिहिली. बादली भरून दाराशी ठेवली आहे.