तिरळा गणपती

शुक्रवार, श्रावण, १९५६

आज मी नको ते केलं. शेजारचे तात्या गणपती करतात, त्यांच्या एका गणपतीला मी गुपचूप डोळे काढले, मुद्दाम तिरळे. कान पिळतील, मग हसू, एवढंच मनात होतं.

मूर्ती पुढं ठेवून विचारलं, "तात्या, डोळा जमला हे कळतं कसं?"

"मूर्ती आपल्याकडं बघायला लागली की हात थांबवायचा. जन्मभर तेच केलं रे." मग ती नाकाशी धरून म्हणाले, "हा बघ. माझाच हात. कसा सरळ बघतोय."

तिरळाच होता. मला हसू आलं न्हाय.

अलिबागहून लोक येतात ते तात्यांनी आखलेल्या डोळ्यांसाठीच. वाचणाऱ्या, पाया पडतो, तात्यांना दिसत न्हाय हे कुणाला सांगू नको.