होडीची भरपाई

वैशाख, १९४६

प्रिय श्रीमंत,

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणे, म्हणून शिव्या पोटातच ठेवतो. शाळेला सुट्टी लागली. तुझी घोडी मजेत आहे, आणि ती अजून तुझ्याच गोठ्यात कशी, ते ऐक.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तुला तीन महिने दिले, वर तीनशे रुपये दंड. त्यातले अडीचशे मनकर्णा नावाडणीला जळालेल्या होडीची भरपाई म्हणून. दंड भरणार नाही, असं म्हणून तू ताठ्यात आत गेलास. मग जमादार जप्तीचं वॉरंट घेऊन आला आणि घोडी चावडीपुढे लिलावाला उभी राहिली. गाव झाडून जमला, पण बोली कोण बोलणार? तू सुटून आल्यावर कुणाची गंजी पेटेल याचा नेम नाही! सगळे खाली माना घालून उभे. मीसुद्धा.

तेवढ्यात तुझी आई पुढे आली. जन्मात चावडीची पायरी न चढलेली दगडाबाई! तिने गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून जमादारापुढे धरली. म्हणाली, “माज्या लेकानं जाळली, मी भरनार. मुक्या जित्राबाला कशापायी इकता?” जमादार चक्क उठून उभा राहिला. माळ कोल्हारच्या सोनाराकडे गेली आणि दंड भरला गेला. मला त्या माउलीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आणि मनकर्णा! पुरात झिंगलेल्या तुला तिने होडीत घेतलं नाही, तुझा जीव वाचवला, म्हणून तू तिचं पोटच जाळलंस. तीच तुझ्या आईचा हात धरून तिला घरापर्यंत सोडायला गेली.

पण पैसे कोर्टातच पडून आहेत. तू अपील केलंस ना? त्याचा निकाल लागेपर्यंत मनकर्णाला दमडी मिळायची नाही, असा कायदाच आहे. सुताराने लाकूड हेरून ठेवलंय, पण इसाराशिवाय तो रंध्याला हात लावत नाही. तुझ्या आईने मला लिहायला बसवलं ते यासाठीच. अपील मागे घे.

आज प्रवरेत गुडघाभर पाणी आहे, कुणीही चालत येतं. तू सुटशील आषाढात. मोटार तुला पलीकडच्या काठावर सोडेल आणि नदी दुथडी भरलेली असेल. मनकर्णाला विचारलं, आणशील का त्याला? हसली. म्हणाली, “पिलेला नसंल तर आनीन की. पर होडी हाय कुठं?”

तुझाच,
नृसिंह