कर्नलनं उचललेला हंडा

प्रिय, पण सध्या माझ्या मनातून उतरलेल्या सृष्टीस,

तुझ्या आजीचा तुला गोड पापा. राग आला म्हणून पापा द्यायचा नाही असं कुठं असतं? तू मनातून का उतरलीस ते पुढं येईल. आधी माझा दुसरा राग वाच, तो मोठा आहे आणि तुझ्या बापावरचा आहे. मी चौथी शिकलेली बाई, मला एका वेळी एकच राग लिहिता येतो.

घरी बरं आहे. म्हैस आटली. कैऱ्या यंदा लई लागल्या होत्या, वाऱ्यानं निम्म्या पाडल्या, त्यांचं लोणचं घातलं. ऊन असं आहे की जामखेडच्या बाजाराला गेलेली माणसं निम्मा बाजार टाकून माघारी येतात. गावच्या विहिरीनं होळीलाच तळ दाखवला, त्यामुळं मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर येतो. मारुतीच्या पारापाशी काळी टाकी बसवलीय, टँकर तिच्यात पाणी ओततो आणि आम्ही तोट्यांवरनं भरून नेतो. भांडण तिथलंच आहे.

पण आधी हे सांगते की तुझी आई गेल्यावर तुझा बाप, माझा सूर्यभान, इथं राहायला आला, तेव्हापासनं मी कशी आहे म्हणून विचारशील तर नवी सून घरात आल्यासारखी आहे. दोन वर्षं झाली, अजून सकाळी उठून तो ओसरीवर आहे का बघते. आणि तो बसून राहणाऱ्यातला नाही. फौजेतनं कर्नल होऊन निघाला, पण आमच्या गावात येऊन त्यानं कुदळ धरली, स्मशानाकडं जायची वाट नीट केली. म्हाताऱ्यांचे निराधारचे अर्ज भरून दिले, तहसीलला हेलपाटे घातले. पोलीस भरतीच्या पोरींना पळायला शिकवतो, त्यातल्या दोघी निवडल्यासुद्धा. ऊसतोडीला जाणाऱ्या छबूबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेली, गाडीत घाण झाली तर स्वतः धुतली. कुणाकडनं चहाशिवाय काही घेत नाही, आणि चहासुद्धा बिनसाखरेचा, म्हणजे देणाऱ्याचं काहीच जात नाही. मला आता गावात केशरबाई कुणी म्हणत नाही, कर्नलची आई म्हणतात. मी वरनं म्हणते की माझं नाव बुडालं, आतनं मला गुदगुल्या होतात. खोड एकच आहे, त्याला वाटतं गाव म्हणजे पलटण. शिट्टी फुंकतो, वहीत हजेरी घेतो. घाईत असला की हिंदी बोलतो. परवा म्हशीला म्हणाला, "पीछे हटो." म्हैस आमची कडा गावच्या बाजारातली, तिला हिंदी कुठलं यायला? ती पुढं आली आणि त्याच्या पायावर उभी राहिली. मी हसले तर चार तास बोलला नाही.

आता हंड्याचं ऐक. तू शहरातली, तुला रांग म्हणजे माणसं उभी राहतात तीच ठाऊक. आमच्यात रांग हंड्यांची असते. टँकर दहाला येतो का दोनला, ते टँकरवाल्यालाच माहीत नसतं. मग बाईनं काय दिवसभर उन्हात उभं राहायचं? ती पहाटे येते, रांगेत आपला हंडा ठेवते आणि कामाला जाते. तो हंडा म्हणजे ती. कुणाच्या हंड्याला पोचा आहे, कुणाच्या हंड्यावर नवऱ्याचं नाव घातलंय, कुणाचा निळा प्लास्टिकचा आहे, सगळ्यांना पाठ असतं. पाणी आलं की शेजारीण भरून ठेवते. दुसऱ्याचा हंडा रांगेतनं कुणी उचलत नाही. सवतीसवती एकमेकींच्या झिंज्या उपटतील पण हंड्याला हात लावणार नाहीत. हे कुणी कागदावर लिहिलेलं नाही, म्हणून तुझ्या बापाला दिसलं नाही.

त्याला काय दिसलं? उपसरपंचाच्या घरची सत्यशीला बारा-बारा हंडे लावते आणि घरी जाऊन टीव्ही बघते, हे दिसलं. खोटं नाही ते. पण त्याचा इलाज आमच्याकडं होता. तिला टोचून-टोचून आम्ही बारावरनं आठवर आणलं होतं, दिवाळीपर्यंत चारवर आणली असती. ह्याला दम कुठला! मंगळवारी सकाळी पारावर उभा राहिला, शिट्टी फुंकली आणि सांगितलं की आजपासनं जो माणूस हजर, त्याचाच हंडा रांगेत. आणि गैरहजर हंडे स्वतःच्या हातानं उचलून मारुतीच्या भिंतीला लावले. तेही कसे, तर मोठ्यापासनं लहान, उंचीप्रमाणं! जशी काही परेडच.

सत्यशीलेला काय झालं म्हणशील, तर काही नाही. तिच्या घरात माणसं ढीगभर, तिनं पाच जणं आणून उभी केली. मारली गेली छबूबाई. ती आखितीच्या आधी ऊसतोडीवरनं आली, दोन दिवस पाठ टेकली नाही आणि पहाटे पिकअपमध्ये बसून कांदे काटायला जाते. घरात सून बाळंतीण, नऊ दिवसांची. मी त्या सुनेपाशी बसले होते, बाळाच्या अंगाला तेल लावत होते. म्हणून छबूबाईचे दोन हंडे आणि माझा एक, तिन्ही भिंतीला. मी आले तवर टाकी कोरडी. बाळंतिणीच्या घरात त्या दिवशी पाणी नाही गं! आणि तुझा बाप वही बंद करून मला सगळ्यांदेखत म्हणतो, "आई, नियम सगळ्यांना सारखा." चेहऱ्यावर असं समाधान, की आईलासुद्धा सोडली नाही!

माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. मी पारावर चढले. आजवर त्या पारावर बाई चढलेली मी बघितली नव्हती, ती मीच. म्हटलं, "बाळंतीण तहानली तर तुझ्या वहीत लिव्हशील का रं? दहाव्या वर्षी गेलास तू ह्या गावातनं. तवापासनं पाव्हणा म्हणून येतोयस. पाव्हणा हायस, पाव्हण्यासारखा ऱ्हा!"

तो टाचा जुळवल्यासारखा उभा राहिला, "बरोबर आहे," म्हणाला आणि घरी गेला. नंतर आमच्या घरातलं माठातलं पाणी दोन कळशा भरून छबूबाईच्या दारात ठेवून आला. जेवायला बसला. भाकरी वाढली ती खाल्ली, वाढली नसती तर मागितली नसती.

शुक्रवारी तो पारावर गेलाच नाही. आता हे तुला मुद्दाम सांगते, कारण त्याचा गुण मलाही शुक्रवारीच कळला. टँकर आला की तुझा बाप वर चढून आत काठी घालायचा, काठी किती ओली झाली ते बघायचा आणि टाकीत तेवढं पडेपर्यंत टँकरवाल्याला हलू द्यायचा नाही. आम्हाला वाटायचं, हे काठीचं खूळ कशाला? शुक्रवारी टँकरवाल्यानं इकडंतिकडं बघितलं, कर्नल नाही. निम्मं ओतलं, "पाइप गळतोय," म्हणाला आणि राहिलेलं घेऊन गेला. कुठल्या हॉटेलावर ओतलं असेल ते मारुतीलाच ठाऊक. मग निम्म्या पाण्यावर सगळ्या तुटून पडल्या. रांग गेली, हंडा गेला, लाज गेली. छबूबाईच्या मनगटाला हंड्याची कड लागून रक्त आलं. मला तर असा संताप आला त्या टँकरवाल्याचा! पण तो दोन गावं पुढं गेलेला, मग संताप कुणावर काढू? घरी येऊन भांडी आपटली.

संध्याकाळी बायांचा घोळका आमच्या दारात. मला वाटलं, आल्या सूर्यभानाला बोलायला. मी कमरेला पदर खोचला. त्याला मी बोलेन, दुसऱ्या कुणी बोलायचं काम नाही! तर छबूबाई मनगटाला फडकं बांधून पुढं आली आणि माझ्यावरच घसरली. "मावशे, तुझ्या तोंडात जीब हाय का इळा? सोन्यासारख्या मान्साला पाव्हणा म्हनलीस! माजं पानी गेलं, मी काय बोल्ले का? तू कशापायी बोल्लीस?" घे! जिच्यासाठी भांडले तीच उलटली. मग त्याच्याकडं वळून, अंगावर पदर नीट घेऊन म्हणाली, "सायेब, हंड्यांचं आमी बगतो. तुमी त्या टँकरवाल्याचं बगा. त्यो तुमालाच भितो." सत्यशीलासुद्धा मागनं म्हणाली, "मी चारच लावीन." आठ वर्षं आम्ही टोचतोय तिला, आणि ती अशी!

तो उठून उभा राहिला. छबूबाईला म्हणाला, "माझं चुकलं, तुमचा हंडा मी उचलायला नको होता." कर्नल माणूस, ऊसतोड्या बाईपुढं मान खाली घालून उभा. मला तेव्हा असं झालं की जाऊन कुशीत घ्यावा. पण त्याचं पुढचं वाक्य ऐक. "आई म्हणाली ते खरं आहे. इथलं मला कळत नाही, मी मध्ये पडून उलट घाण करतो. दुसरा कुणी नेमा." बाया गेल्या. जाताना प्रत्येकीनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही सगळ्या गावाचं पाणी मीच प्याले.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. पुसली. कपडे घड्या घालून शेजारी ठेवले. मग तुझा फोन आला. त्याचे कान तोफांनी गेलेले, म्हणून तो फोन मोठ्यानं लावतो, सगळं ओसरीला ऐकू येतं. तू म्हणालीस, "बाबा, पुण्याची खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत. कशाला त्या गावात शिव्या खाता? महिनाअखेरीला मी न्यायला येते." आता कळलं, मनातून का उतरलीस? शिव्या खाता! शिव्या गावानं दिल्या नाहीत, मी दिल्या. आणि आईची शिवी मुलाला लागली तर ती त्या दोघांची गोष्ट आहे, त्यात तू पडदे लावायचं कारण नाही. मी चुलीपुढं बसून तुला एवढं बोलले की भाकरी करपली.

राग उतरल्यावर एक सांगते, जे मी तुझ्या आजोबांशीसुद्धा कधी बोलले नाही. सूर्यभान दहाव्या वर्षी साताऱ्याच्या सैनिक शाळेत निघाला तेव्हा जामखेडच्या स्टँडवर माझा पदर धरून रडत होता. तुझे आजोबा मला म्हणाले, "तू डोळ्याला पाणी आणशील तर त्यो आयुष्यात शिपाई व्हनार न्हाई." मी नाही आणलं. त्याची बोटं एकेक करून पदरावरनं सोडवली. मग रजा संपून निघायचा दर वेळी तसंच. कारगिलच्या वेळी गेला तेव्हासुद्धा मी डबा दिला, दशम्या मोजल्या, पाण्याची बाटली भरली, आणि "ये" म्हणाले. "राहा" हा शब्द मी त्याला जन्मात म्हटला नाही. शेजारणी म्हणायच्या, केशरबाई लई कडक. कडक कसली! मला भीती वाटायची की एकदा म्हटलं तर थांबता येणार नाही. आता सत्तावन्न वर्षांचा घोडा समोर ट्रंक पुसतोय, मी ऐंशीला आले, तरी तोंड उघडत नाही. उघडलं की "पाव्हणा" बाहेर पडतं.

म्हणून हे पत्र. तू त्याला न्यायला येऊ नकोस. खोली दुसऱ्या कुणाला दिली म्हणून सांग, भिंत ओलावली म्हणून सांग, खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी लाव. आणि फोन करून त्याला म्हण की बाबा, तुमच्या आईला तुम्ही इथं हवे आहात. माझं नाव घेऊन म्हण, मी म्हटलंय असंच म्हण. तुझा बाप आहे हे मला कबूल आहे. पण तुला तो जन्मापासनं मिळाला गं, मला आत्ताच मिळायला लागलाय. मला इंग्रजी पत्ता येत नाही म्हणून पाकिटावर पत्ता त्यानंच लिहिलाय, पुण्याचा, पिनकोडसकट, सुवाच्य. लिहून झाल्यावर विचारत होता, "काय लिहिलंस एवढं सृष्टीला?" मी पाकीट ओढून घेतलं आणि म्हटलं, "तुझी तक्रार." हसला. आठवड्यानं हसला. पोस्टमन दारात उभा आहे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच
आजी