नाव माझ्याकडेच आहे

लालबाग,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनिश,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, कारण तिकडे दादरला तुम्ही मला आजारी ठरवून मोकळे झालात. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

"ताई, बारशाला नको येऊस, कुर्र प्रियाची मावशी करेल." हे टाईप करताना तुझा हात बरा अडखळला नाही! आत्या जिवंत आहे रे अजून.

माझ्यासारख्या नर्सच्या नाकात जंतू सापडला म्हणून केवढा गहजब. औषधांना दाद न देणारा आहे, कबूल. पण नाकात असणं म्हणजे आजार होणं नव्हे. आमच्या वॉर्डात सात नंबरचे आजोबा तोच जंतू घेऊन आले, ऑपरेशन झालं, टाके सुकले, मला पेढा देऊन घरी गेले. बहुतेकांचं असंच होतं. ज्याची जखम ओली, त्याला भीती जास्त, एवढंच.

अकरा नंबरच्या सुंदराबाईंची जखम मात्र चिघळली. त्यांच्या नाकात होता, माझ्याही. जखमेत कुणाचा गेला ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ड्रेसिंग मी केलं होतं. हात धुऊन, ग्लोव्हज घालून, सगळं नीट. तरी त्यांचा ताप विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही. हे अजून कुणाला बोलले नव्हते.

बाळ बघायला मी आलेच नाही, हा तुझा राग. आले होते. तिसऱ्या दिवशी, प्रियाच्या हॉस्पिटलात. रिपोर्ट त्याच सकाळी हातात पडला होता. तू डबा घेऊन खोलीत शिरताना दिसलास. प्रियाचं सीझर, टाके ओले. मी लिफ्टपाशी उभी राहिले आणि परत फिरले. तेव्हा मला कुणी अडवलं नव्हतं, अनिश. माझी मी थांबले. त्यामुळे काळजी कशी घ्यायची ते मला शिकवू नकोस.

नाकातलं मलम आणि औषधी साबणाच्या आंघोळी संपल्या. मंगळवारी पुन्हा तपासणी. चांगली आली की येणार, नाही आली तर पुन्हा मलम, पुन्हा तपासणी. बारावा दिवस टळला तर टळू दे. सव्वा महिन्याने बारसं होत नाही का? तोवर बाळ म्हणा.

मावशींना खुशाल बोलवा, घुगऱ्या खाऊ देत. पण नाव निवडायचं तुम्ही माझ्यावर सोपवलं होतंत. मी ते निवडलंय, आणि या कागदावर लिहिणार नाही. ते कानातच सांगायचं असतं.

तुझ्या बाळाची एकुलती एक आत्या,
वैदेही