खिडकीजवळचा स्पीकर

प्रिय चिमणे,

फोन सोडून आईने पत्र कसलं पाठवलं, म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सांगते. आधी त्या साउंडबारचं ऐक. तुझ्या नवऱ्याने हौसेने आणून दिला खरा, पण खोक्याची चिकटपट्टी आधीच उघडलेली दिसली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सुरुवातीला बारवर नुसतं ‘स्टिरिओ’ यायचं. जावईबापूंनी वायर टीव्हीच्या दुसऱ्या भोकात घातली, सेटिंगमध्ये ‘पास-थ्रू’ केलं, तेव्हा कुठे ‘सराउंड’ उमटलं. म्हणाले, आई, आता सिनेमातलं हेलिकॉप्टर खोलीभर फिरेल. कसलं फिरतंय! मागच्या दोन स्पीकरांपैकी दाराजवळचा बोलायचा, खिडकीजवळचा ढिम्म.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेली बाई मी. नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखायचे, कुणाचं घरी भांडण झालंय ते. मला कोण फसवणार? तुझे बाबा म्हणाले, अगं, दोन्ही वाजतायत. म्हटलं, हे जावयाच्या बाजूचे. मेकॅनिकने दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली, तरी खिडकीकडचाच गप्प. म्हणजे तोही सामील! शेवटी मी जावईबापूंना तोंडावर म्हणाले, वापरलेला माल सासूच्या गळ्यात मारलात. ते अर्धा चहा तसाच ठेवून उठले, ते महिनाभर फिरकले नाहीत. तूही फोनवर इतकं हळू बोलायला लागलीस की मला वाटलं, ही पण काहीतरी लपवतेय.

काल दुपारी त्या स्पीकरला रंगेहाथ पकडायचंच ठरवलं. टीव्हीकडे पाठ करून खुर्ची त्याच्यासमोर मांडली, बटण दाबलं, आणि अगं बाई, खिडकीजवळचा खणखणीत बोलायला लागला! आता दाराजवळचा गप्प. खुर्ची परत फिरवली, तर पुन्हा खिडकीकडचा गेला. चार वेळा फिरवली गं. बाबा दारातून बघत राहिले, हिला झालंय तरी काय म्हणून. मग मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या कानाशी धरलं. टिकटिक नाही. उजव्या कानाशी धरलं, तर आहे. हेडफोन डाव्याच कानाला असायचा माझा. फोनही सवयीने अजून तिथेच लावते.

उजव्या कानाला लावून तुझ्याशी बोलता आलं असतं, पण हे तोंडाने बोलवेना, म्हणून लिहिते आहे. स्पीकर चांगला आहे, जावईबापूही चांगले आहेत. चुकले ते मी. हे पत्र त्यांना वाचून दाखव. शुक्रवारी सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, मला फार भीती वाटतेय, आणि बाबांना अजून सांगितलेलं नाही. जावईबापू येतील का माझ्याबरोबर, विचार. वाटेत हवा तेवढा राग काढा म्हणावं, फक्त माझ्या उजव्या बाजूला बसून काढा. मला त्यातला एक शब्दही चुकवायचा नाही.

तुझीच संशयी
आई