कुणालीची पुस्तकं आणि गिरजाबाईंचा नारळ

शहापूर

ती. चंद्रकलाताईस,

धाकट्या देवजीचा पाया पडून नमस्कार. इकडे आम्ही उभयता घामाने निथळत, पण धडधाकट आहोत. तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि गाभण म्हैस या तिघांची खुशाली कळव. (म्हशीची आधी कळवलीस तरी दाजी रागावणार नाहीत, त्यांचाही जीव तिच्यातच आहे.) फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन आला की स्पीकर लावून अख्खी ओटी ऐकायला बसते, आणि हे प्रकरण ओटीवरचं नाही. म्हणून पत्र लिहून मुरबाडच्या जीपवाल्या हितेशच्या हाती देतोय. एकटीच वाच.

तू लेकीला सुट्टीत माझ्याकडे धाडलंस ती दोन कामांसाठी. वत्सलाने तिला तांदळाच्या पापड्या घालायला शिकवायचं आणि मी तिच्या हातातली पुस्तकं सोडवायची. दाजींनी तर बजावलंच होतं, की बारावी झाली, आता शिकणं पुरे, आणि पुस्तकं पुन्हा घरात दिसली तर शेतात राब भाजताना पाल्यापाचोळ्याबरोबर तीही भाजून टाकीन. तर आमची कुणाली एसटीतून उतरली ती भलंमोठं पोतं ओढतच. मला वाटलं, बहिणीने रायवळ आंबे धाडले. मी शेजारच्या गिरजाबाईंना चार आंबे कबूलही करून बसलो. पोतं उघडलं तर वर मूठभर कैऱ्या आणि खाली विटांसारखी जाड इंग्रजी पुस्तकं. प्रत्येकावर एक पोरगी, कुठे तलवार घेऊन, कुठे पंखवाल्या अजगरावर बसून, आणि एकीच्याही तोंडावर हसू नाही. (आपल्या घरातल्या बायका फोटो काढताना अशाच उभ्या राहतात, म्हणून मला फारसं परकं वाटलं नाही.)

मी पुस्तकं कपाटात घालून किल्ली खिशात ठेवणार होतो. पण वत्सला म्हणाली, पोरीचे हात मला द्या, तोंड तिचं तिला राहू दे. झालं. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरून दोघी पापड्या घालू लागल्या आणि कुणाली गोष्ट सांगू लागली. पुस्तक इंग्रजी, पण तिच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ती राजकन्या पार आपल्याकडची होऊन जायची. तिचं भांडण राजाशी. राजाला डोंगरातली नदी कोंडून सगळं पाणी राजधानीला न्यायचं होतं आणि ही बया ते सोडायला तयार नव्हती. (माझी उभी नोकरी भातसाच्या धरणावर मुंबईला पाणी सोडण्यात गेली. मी मान खाली घालून पापड्या उलटत राहिलो.)

मंगळवारी घोटाळा झाला. कुणाली न्हायली होती, केस मोकळे सोडून उन्हात बसलेली. गोष्ट लढाईवर आलेली, पोरगी पुढेमागे डुलतेय, आणि आवाज असा काढलाय की कोंबड्या सुद्धा कुंपणापलीकडे गेल्या. "जिला कोंडून ठेवलंय तिला सोडा, नायतर एकेकाचं घर धुऊन नेईन!" नेमक्या तेव्हाच गिरजाबाई कबूल केलेले आंबे न्यायला फाटकात उभ्या. आता तूच सांग, मंगळवार, भर दुपार, मोकळे केस आणि डुलणारी कुवार पोर. आपल्याकडे कुणाच्या मनात पुस्तक येईल? बाई आल्या पावली घरी गेल्या, नारळ आणि कुंकू घेऊन आल्या आणि तिच्या पायावर पडून म्हणाल्या, "आई, चुकलं माझं. सुनंला उद्याच्या उद्या माहेरी धाडते." ती सून, दर्शना, शिमग्यापासून माहेरी जाऊ द्या म्हणून विनवत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेली सुद्धा.

मी समजवायला गेलो. पण बायकांना देवीबद्दल समजवणाऱ्या पुरुषाचं कोण ऐकतं? त्या दिवशी दुपारी आळीतल्या सगळ्या बायका नारळ घेऊन अंगणात हजर. कुणाची बोअर आटलेली, कुणाचा मुलगा लग्नाला तयार नाही. वत्सलाला हसू आवरेना म्हणून ती आत पळाली. कुणालीने शांतपणे केस बांधले, उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या अंगात काय नाय आलेलं. मी पुस्तकातलं बोलत होते. नारळ घेऊन जा." मी मनात म्हटलं, आता आळीत आपल्याला विरजणसुद्धा कोणी द्यायचं नाही. गिरजाबाईंनी नारळ बाजूला सरकवला आणि ऐसपैस मांडी घातली. म्हणाल्या, "मग त्या पोरीचं पुढं काय झालं गो?"

तेव्हापासून रोज दुपारी आमच्या अंगणात मंडळ भरतं. प्रत्येक जणी आपलं वाळवण आणि आपलं मत घेऊन येते. गिरजाबाईंचं म्हणणं, राजकन्येने लढायला जाण्याआधी दोन घास खाऊन घ्यायला हवे होते, म्हणून तलवार जड झाली. दर्शना माहेरून फोन करून बुडालेला भाग विचारते आणि सासूच तिला तो सांगते. मीही ऐकतो, दुसरं काय करणार.

थोरामोठ्यांना आमचे नमस्कार, म्हशीला आशीर्वाद.

तुझा,
देवजी

ता. क. पापड्या जमल्या. गोल नाहीत, पण फुलतात.

ता. क. खरं काम आता सांगतो. कुणालीला इथे राहून कॉलेज करायचंय. दाजींना गावाहून रोजच्या जीपची धास्ती असेल, तर आमच्या घरापासून कॉलेज पायी जाण्याजोगं आहे. तिला न्यायला ते रविवारी येतायत. मी एक युक्ती काढली होती. दाजी देवीचे भक्त, जत्रेला अनवाणी जातात. रविवारी पोरीने केस सोडावेत आणि देवीआईनेच त्यांना हुकूम द्यावा. वत्सला तर कुंकू काढून बसली होती. पोरीने साफ नाकारलं. म्हणाली, खोटं बोलून शिकायला गेले तर पुढे रोजच खोटं बोलावं लागेल. मग मी जरा चिडूनच म्हटलं, एवढ्या शूर पोरींच्या गोष्टी सांगतेस, तर बापाला तूच का सांगत नाहीस? तिने बाजेवरच्या लुगड्याचं टोक सारखं केलं. मग म्हणाली, "मामा, त्या पोरींना राक्षसाशी लढायचं असतं. राक्षसावर त्यांची माया नसते."

ताई, मी उगाच पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो.

ता. क. म्हणून आता तूच बोल. लग्न झाल्यापासून दाजींनी तुझ्या तोंडून 'नको' ऐकलेलं नाही, तेव्हा एकदाच ऐकलं तरी त्यांना पुरेल. रविवारी ते निघण्याआधी सांग, पोरीला आणायचं नाही, ती शिकेल. आवाज चढला तर चढू दे. तुझ्याच अंगात आलंय असं त्यांना वाटलं, तर लगेच खुलासा करू नकोस. निदान प्रवेश होईपर्यंत तरी.