वाढत्या अंगाचे खेकडे

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (खेकड्याला दहा पाय असल्यामुळे हल्ली आठ अंगं मला कमीच वाटतात, दोन नांग्या वरच्या धरा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? मी बरी आहे. अंगठ्याला पट्टी आहे, पण ती किरकोळ. बर्फात गारठलेला म्हणून उचललेला एक खेकडा जागा निघाला.

नोकरीचं विचारलं होतंत. ती एका रेघेवर टांगली आहे. म्हणजे असं बघा, लहानपणी खेकड्याची पाठ आणि नांगी जोडीनं वाढतात. नर वयात आला की नांगी पाठीला मागे टाकून सुसाट सुटते (तुमच्या थोरल्याच्या बाह्या एका वर्षात कशा आखूड झाल्या होत्या, तसंच). मादीची नांगी नाही, पोटाखालची पट्टी रुंदावते, अंडी धरायला. मापं आलेखावर मांडली की रेघ एका जागी वाकते. ती जिथे वाकते, त्या मापाखालचा खेकडा पकडू नये, असं मच्छीमारांना सांगायचं. एवढंच माझं काम. चारशे बारा खेकडे मोजले आणि रेघ आली फूटपट्टीसारखी सरळ. माझ्या आलेखाप्रमाणे इथला खेकडा जन्मतो, म्हातारा होतो, पण वयात काही येत नाही. आमच्या मॅडमनी आलेख पाहिला, शेजारच्या टाकीतल्या मादीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग ही अंडी कोणाची?"

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. शुक्रवारी अहवाल जायचा, रेघ वाकली नाही तर माझी मुदत वाढणार नाही, असंही त्या म्हणाल्या. मग माझ्या पाठीमागे उभं राहून त्यांनी मला मोजताना पाहिलं. एका पिल्लाची नांगी एकवीस मिलिमीटर भरली. मी वहीत चोवीस लिहिले. त्यांनी कारण विचारलं आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "वाढतं अंग आहे, मॅडम."

मामा, दहावीपर्यंत सुट्टीत तुमच्या दुकानात बसून मी कपड्यांची मापं लिहून घेतली, त्याचं हे फळ. मोठ्यांना नेमकं, पोरांना सैल, हे हातात इतकं मुरलंय की मी दोनशे पिल्लांना न विचारता शिलाईत माया ठेवली. लहानांच्या नांग्या कागदावरच वाढल्या, मग मोठ्यांची झेप दिसणार कुठून? मॅडम पाच मिनिटं हसल्या आणि पुन्हा सगळे मोजायला सांगून निघून गेल्या. तुमच्यावर माझा राग नाही. थोडा आहे.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. एकटीनं धरणं आणि मोजणं जमत नाही. तुमच्याइतका नेमका हात माझ्या माहितीत दुसरा नाही. तिकीट सोबत आहे. चष्मा विसरू नका.

ता. क. २. खोटं बोलून पचत नाही. खेकडे मी कालच पुन्हा मोजून संपवले. रेघ अगदी छान वाकली, मुदतही वाढली. पण मामी फोनवर म्हणाली, दुकान विकल्यापासून तुम्ही दिवसभर गप्प असता. नुसतं राहायला बोलावलं की तुमचा गुडघा दुखतो, आणि काम आहे म्हटलं की तुम्ही चप्पल शोधता. मला तुमची फार आठवण येते. तेव्हा ही दुसरी ता. क. वाचलीच नाही असं समजा आणि निघा.